क्युबन सिगार: कोणते ताजे ओढावेत, कोणते मुरत ठेवावेत?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात दुबईहून परतताना क्युबन सिगार आणायचे आहेत. ड्युटी न भरता एका प्रवाशाला २५ सिगारच आणता येतात (सोबत सिगारेट किंवा सुटा तंबाखू नसेल तर), म्हणून निवड नीट व्हावी असं वाटतं. डोळ्यासमोर हे पाच आहेत:

पार्तागास सेरी डी नंबर ४
एच. उपमान मॅग्नम ४६
कोहिबा सिग्लो २
ओयो दे मोंतेरे एपिक्युर नंबर २
पार्तागास लुसितानियास

यातले पहिल्या वर्षात कोणते ओढावेत आणि चार-पाच वर्षांसाठी कोणते बाजूला ठेवावेत? आज घशाला लागणारा सिगार ठेवून दिला की चांगला होतोच का? दुकानात पेटी बघून काही कळतं का? आणि मुलुंडच्या घरात, जिथे एसी फक्त रात्री चालतो, तिथे पाच वर्षं ठेवण्यात अर्थ आहे का? टेबलावर ठेवायचा ५० सिगारांचा लाकडी ह्युमिडॉर (सिगारांचा ओलावा राखणारी पेटी) आहे.

---

सीडरपेटी

मुलुंडकर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत. घशाला लागणारा प्रत्येक सिगार सुधारत नाही. "लागणं" तीन-चार प्रकारचं असतं आणि त्यातलं एखाद-दुसरंच काळाने जातं.

अमोनिया जातो. सिगार वळताना पान ओलसर करावं लागतं, त्या ओलाव्याने पानात थोडं आंबणं पुन्हा सुरू होतं आणि अमोनिया सुटतो. कारखान्यातल्या थंड कपाटांत, ज्यांना तिथे एस्कापाराते म्हणतात, जादा ओलावा काढूनच सिगार पेटीत भरतात, तरी काही अंश उरतो. पेटी उघडल्यावर सिगारचं पेटवायचं टोक नाकाशी धरा. लादी पुसायच्या औषधासारखा उग्र दर्प आला तर तो सिगार आज ओढायचा नाही. सहा महिन्यांत बहुतेक दर्प जातो, कधी वर्ष लागतं.

तुरटपणाही कमी होतो. जीभ कोरडी पडते, हिरड्या आखडल्यासारख्या होतात, तो तुरटपणा पानातल्या टॅनिनसारख्या घटकांचा असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू उतरतो आणि त्यामागची गोडी वर येते. मुरत ठेवायचे सिगार ते हेच: सुरुवातीपासून चव भरपूर, पण कडा टोचणाऱ्या.

ओढण्याच्या घाईने आलेला कडवटपणा मात्र कधीच जात नाही, कारण तो सिगारमध्ये नसतोच. मिनिटाला एक झुरका पुरे. त्याहून भरभर ओढलं की जळतं टोक तापतं, धूर गरम होतो आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तोंड कडू होतं. अनेक जण याला "सिगार अजून कच्चा आहे" असं समजून पेटी बंद करून ठेवतात आणि पाच वर्षांनी पुन्हा तोच कडूपणा चाखतात.

आणि पोकळपणा. पहिल्या झुरक्यापासून नुसती गरम हवा, कागदाची चव, ना गोडी ना तिखटपणा. अशा सिगारमध्ये मुरण्यासारखं काही नसतं. काळ त्यातून आणखी वजाबाकीच करतो.

वजाबाकी हा शब्द मुद्दाम वापरला. मुरताना तिखटपणा, निकोटीनचा दणका, गवताळ वास कमी होतो, तसा ताजेपणाचा जोरदार सुगंधही कमी होतो. म्हणून आज ज्यात चव जरुरीपेक्षा जास्त आहे असाच माल ठेवावा.

आता तुमची यादी.

एपिक्युर नंबर २ (लांबी १२४ मिमी, रिंग म्हणजे जाडीचं माप ५०) हलका आहे. साय, गवत, थोडी मिरी. पेटीवरच्या तारखेपासून एक ते तीन वर्षांत ओढून टाका. दहा वर्षं ठेवलेल्या ओयोचं कौतुक करणारे आहेत, पण हल्लीच्या पेट्या ठेवल्या तर बऱ्याचदा सपाट होतात असं माझं मत.

डी ४ (माप तेच, १२४ आणि ५०) दोन्हीकडे चालतो. अमोनिया गेला असेल तर वर्षभरात उत्तम, पाच वर्षांनी वेगळाच. तिखटपणा उतरतो आणि मातकट गोडी राहते. एक पेटी आणि निर्णय होत नाही अशी अवस्था असेल तर हाच घ्या.

मॅग्नम ४६ (१४३ मिमी, रिंग ४६) ठेवण्यासाठी तुमच्या यादीतला माझा पहिला पसंतीचा. ताजेपणी भाजलेली कॉफी आणि कोरडं लाकूड एवढंच जाणवतं, दुसऱ्या वर्षानंतर मधला भाग भरू लागतो.

सिग्लो २ (१२९ मिमी, रिंग ४२) ताजा ओढला तर कोवळ्या गवताची चव पुढे येते आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. कोहिबाची ओळख असलेली मधाची छटा यायला तीन वर्षं द्या. मे २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या गेल्या, त्यानंतर "एक ओढून बघू" हे महागच पडतं.

लुसितानियास (१९४ मिमी, रिंग ४९) पाच वर्षांच्या आत उघडूच नये असं मी म्हणेन. आठ-दहा वर्षांनी त्याच्या शेवटच्या हिश्श्यात जे मिळतं ते या यादीत दुसरीकडे कुठेही नाही. पण त्याला निवांत दोन तास लागतात, हे लक्षात घेऊन घ्या.

---

रिंग_बेचाळीस

सीडरपेटींशी बहुतेक सहमत. दोन गोष्टींची भर घालतो, त्यातली एक मतभेदाची आहे.

मतभेद असा की "दहा वर्षं, वीस वर्षं" हे आकडे बऱ्याच अंशी जुन्या तंबाखूवरून आले आहेत. क्युबात कित्येक दशकं वरच्या पानासाठी, म्हणजे सिगारला बाहेरून गुंडाळतात त्या पानासाठी, कोरोहो हे वाण चालत होतं. ब्लू मोल्ड या रोगाला ते फार लवकर बळी पडायचं, म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी हबाना २०००, क्रियोयो ९८ आणि कोरोहो ९९ ही रोगाला टिकणारी वाणं आली. त्याआधीच्या सिगारांनी वीस वर्षांत काय केलं यावरून २०२४ च्या पेटीचा अंदाज बांधणं मला पटत नाही. आजचा बहुतेक माल पूर्वीपेक्षा लवकर ओढण्याजोगा होतो. चार-पाच वर्षांनंतर पुढे ठेवायचा की नाही हे त्या पेटीतला एक ओढूनच ठरवावं, कॅलेंडर बघून नाही.

दुसरा मुद्दा जाडीचा. रिंग म्हणजे इंचाचे ६४ भाग, त्यामुळे रिंग ५० चा व्यास १९.८ मिमी आणि ४२ चा १६.७ मिमी. छेदाचं क्षेत्रफळ काढलं तर ४२ मध्ये तेवढ्याच लांबीला आतला तंबाखू जवळजवळ ३० टक्के कमी येतो. म्हणजे बारीक सिगारमध्ये वरच्या पानाचा वाटा जास्त आणि आत लिगेरोला जागा कमी. लिगेरो हे रोपाच्या वरच्या भागातलं जाड, तेलकट, जोरदार पान. ते सावकाश जळतं, म्हणून मधोमध घालतात. त्याच्या बाजूने सेको हे सुगंधाचं पान आणि जळण नीट व्हावं म्हणून वोलादो. मुरायला सर्वांत जास्त वेळ लिगेरो घेतं. म्हणून जाड आणि जोरदार सिगार हळू बदलतो, बारीक सिगार लवकर बदलतो आणि पेटी वारंवार उघडत राहिली तर लवकर कोमेजतोही. सिग्लो २ ला तीन वर्षं हे बरोबर, पण लुसितानियासशी त्याची तुलना करू नका.

मर्यादित आवृत्तीबद्दल कोणी विचारलं नाही, पण दुकानात विक्रेता ती पुढे करणारच. एदिसियोन लिमितादा २००० पासून निघते. गडद वरचं पान किमान दोन वर्षं मुरवलेलं असतं, आणि २००७ पासून आतला तंबाखूही तसाच मुरवलेला घालतात. रेझेर्वामध्ये तंबाखू तीन वर्षांचा, ग्रान रेझेर्वामध्ये पाच वर्षांचा. यावरून "हा आधीच मुरलेला आहे, आजच ओढा" असा निष्कर्ष काढू नये. सुटं पान गाठोड्यात मुरणं वेगळं आणि चार-पाच प्रकारची पानं एकत्र वळल्यावर एकमेकांत मिसळणं वेगळं. ते दुसरं काम सिगार वळल्यानंतरच सुरू होतं, आणि त्याला याही सिगारांत दोन-तीन वर्षं लागतात.

आखूड तुकड्यांचा तंबाखू भरलेले स्वस्त क्युबन सिगार, म्हणजे होसे एल. पिएद्रा किंवा किंतेरोसारखे, मुरत ठेवायच्या भानगडीत पडू नका. ते रोजच्या ओढण्याचे.

---

दमट_हवा

आता मुंबईच्या हवेचं बघू, कारण वरचं सगळं १६ ते १८ अंश तापमान धरून आहे. तुमच्या घरात दिवसा ३० ते ३४ असणार. पाच वर्षांच्या बेताला पहिला धोका तिथेच आहे.

तंबाखूचा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. त्याची अंडी पानातच असू शकतात. तापमान २० च्या खाली असेल तर ती थंड पडून राहतात, २४ च्या वर गेलं की फुटायची शक्यता वाढत जाते. अळी सिगार आतून पोखरते आणि टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून बाहेर येते. पेटीच्या तळाला बारीक तपकिरी भुकटी दिसली की समजायचं. एक सिगार गेला तर शेजारचे चार तपासावे लागतात. क्युबातून निघण्याआधी माल गोठवला जातो, तरी वाटेत आणि दुकानात काय झालं ते आपल्याला माहीत नसतं. घरी आल्यावर पुन्हा गोठवा:

पेटी झिपच्या पिशवीत, हवा काढून, त्यावर दुसरी पिशवी. आधी २४ तास फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. मग फ्रीझरमध्ये उणे १८ किंवा त्याखाली किमान चार दिवस. परत २४ तास फ्रिजमध्ये. मग बाहेर, पण पिशवी उघडायची नाही. पेटी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडायची. पायरी गाळली तर वरचं पान तडकतं, आणि थंड पेटी दमट हवेत उघडली तर पानावर पाणी धरतं.

आता लाकडी ह्युमिडॉर. तो पूर्ण हवाबंद नसतो. जुलैत बाहेरची आर्द्रता ८५ ते ९० टक्के असते आणि ती झाकणाच्या फटीतून आत येते. सिगार फुगतो, ड्रॉ (धूर ओढला जाण्याची वाट) घट्ट होतो, पेटवायच्या टोकाशी पान उकलतं. ७२ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिलं तर बुरशी. पांढरी किंवा निळसर, केसाळ, उठून दिसणारी. तिला "मुरल्याची खूण" म्हणून खपवणारे भेटतील, ऐकू नका. वरच्या पानावर एखादा ठिपका असेल तर पुसून तो सिगार वेगळा ठेवता येतो. पेटवायच्या टोकात आत गेली असेल तर फेकून द्या.

रोजच्या ओढण्याचे दहा-पंधरा सिगार ह्युमिडॉरमध्ये ठेवा. दीर्घ काळासाठी हे करा:

रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, १० लिटरच्या आसपास, वास नसलेला. सिगार मूळ सीडरच्या (सुगंधी लाकडाच्या) पेटीतच राहू द्या आणि पेटी डब्यात ठेवा. सोबत बोवेदा कंपनीची, आर्द्रता ठरावीक आकड्यावर राखणारी ६५ टक्क्यांची, ६० ग्रॅमची दोन पॅक. क्युबन सिगारांना ६२ ते ६५ पुरे, ६९ मध्ये ते नीट जळत नाहीत. डबा तीन-चार आठवड्यांतून एकदा दोन मिनिटं उघडा, तोही एसी चालू असताना. पॅक पापडासारखं कडक लागलं की बदला, आणि पावसाळ्यात फुगून गच्च झालेलं दिसलं तरी बदला, कारण मग ते आणखी ओलावा शोषून घेऊ शकत नाही.

डब्यातला आर्द्रतामापक आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब-थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून २४ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ दाखवला तर तुमचा मापक चार कमी दाखवतो, तेवढी बेरीज कायमची लक्षात ठेवायची. नव्या मापकावर भरवसा ठेवून पेटी भिजवणारे पुष्कळ असतात.

तापमानासाठी वाइन कूलर. थर्मोइलेक्ट्रिक कूलर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली जातो, म्हणजे मे महिन्यात ३४ च्या खोलीत त्याची दमछाक होते. कॉम्प्रेसरवाला खाली जातो, पण चालू-बंद होताना हवा कोरडी करतो. म्हणून सिगार उघडे न ठेवता त्याच हवाबंद डब्यात घालून कूलरमध्ये ठेवा, १७ वर लावा, डबा मागच्या भिंतीला टेकू देऊ नका. वीज गेली तर दार उघडू नका. साधा घरचा फ्रिज चालत नाही, तिथे चार अंशांत मुरण्याची क्रिया जवळपास थांबते.

कूलर घेणार नसाल तर स्पष्ट सांगतो: पाच वर्षांचा बेत सोडा. गोठवून, हवाबंद डब्यात, घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी ठेवून दोन वर्षं काढता येतील. ३० अंशांत सगळ्या क्रिया वेगाने होतात, पण त्याने मुरणं लवकर होत नाही, सुगंधी तेलं लवकर उडतात.

---

मुलुंडकर

मनापासून आभार. कूलर घ्यायचं ठरवतोय, कॉम्प्रेसरवाला. आता दुकानातलं सांगा. पेटी उघडून दाखवतात का, आणि उघडली तर नक्की काय बघायचं? तारीख कुठे असते?

---

तळाचा_शिक्का

हबानोसच्या (क्युबन सिगार जगभर विकणाऱ्या कंपनीच्या) अधिकृत दुकानात विचारल्यावर पेटी उघडून दाखवतात. दाखवायला नाखूश असतील तर दुसरं दुकान बघा. मी या क्रमाने बघतो.

पेटी उलटी करा. तळाला तापवून उमटवलेला छाप असतो, हबानोस एस. ए., क्युबात बनवलेला आणि "तोताल्मेंते आ मानो", म्हणजे पूर्णपणे हाताने. त्याच्या जवळ शाईचा शिक्का: तीन अक्षरं कारखान्याच्या संकेताची, मग महिना आणि वर्ष. महिने स्पॅनिशमधले. ई-एन-ई म्हणजे जानेवारी, ए-बी-आर एप्रिल, ए-जी-ओ ऑगस्ट, डी-आय-सी डिसेंबर, बाकीची अक्षरं इंग्रजीसारखीच. ही तारीख पेटीत भरल्याची आहे, वळल्याची नाही. कारखान्याचे संकेत वरचेवर बदलतात, तेव्हा "अमुक अक्षरांची पेटी चांगली" या ऐकीव माहितीवर फार विसंबू नका.

तारीख दीड-दोन वर्षं जुनी असेल तर उत्तम, तेवढं थांबणं तुमच्या वतीने झालेलं असतं. मात्र ती पेटी त्या काळात कुठे होती हेही महत्त्वाचं. दुकानाच्या वॉक-इन ह्युमिडॉरमधली, म्हणजे ओलावा राखलेल्या खोलीतली घ्या, काउंटरच्या काचेखाली दिव्याखाली मांडलेली घेऊ नका. २७ सप्टेंबर २०२२ ला इयान वादळाने पिनार देल रिओ या क्युबातल्या तंबाखूच्या प्रांतातली पानं वाळवायची हजारो कोठारं पाडली. त्यानंतर बरेच महिने माल टंचाईचाच होता, त्यामुळे जुन्या तारखेची पेटी दिसली तर विचार करायला फार वेळ घेऊ नका.

आता झाकण उघडा. आधी वास. अमोनियाबद्दल वर सांगितलंच आहे. मग रंग. एका पेटीतले सिगार एका छटेचे निवडलेले असतात, सजवलेल्या पेटीत डावीकडे किंचित गडद आणि उजवीकडे फिकट असा उतार असतो. डबल रंग, हिरवे डाग, जाड शिरा दिसल्या तर ठेवून द्या. मुरत ठेवायला मी कोलोरादोपासून कोलोरादो मादुरोपर्यंतची, म्हणजे तांबूस ते गडद तपकिरी, किंचित तेलाची चमक असलेली पेटी निवडतो. फिकट क्लारो पानाची पेटी लवकर ओढायला.

विक्रेत्याला विचारून एक सिगार अंगठा आणि तर्जनीत धरा आणि टोकापासून डोक्यापर्यंत हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखा दबला पाहिजे, सोडल्यावर परत वर आला पाहिजे. मध्येच गाठ लागली तर तिथे पानं पिळून भरली आहेत, ड्रॉ अडणार. बोट आत गेलं तर तिथे पान कमी, तिथून धूर गरम येणार. मुरण्याने गाठ सुटत नाही, हे नीट लक्षात ठेवा. ६२ टक्क्यांवर महिनाभर ठेवून थोडा घट्ट ड्रॉ मोकळा होतो, गाठ मात्र तशीच राहते. २००० च्या आसपास अशा अडलेल्या सिगारांच्या तक्रारी फार झाल्या, त्यानंतर कारखान्यांत ड्रॉ मोजायची यंत्रं आली. तरी प्रत्येक पेटी तपासावी.

पेटीचा प्रकार बघा. वरचं झाकण सरकवून उघडायची साधी लाकडी पेटी, आत सिगारांची रिबनने बांधलेली जुडी, ही दीर्घ काळासाठी माझी निवड. कागद कमी, सीडर जास्त, सिगार दाबले जात नाहीत. तीन किंवा पाचची पुठ्ठ्याची पाकिटं ओढायला घ्यावीत, ठेवायला नाही.

खरेपणाबद्दल थोडक्यात. डावीकडे हिरवा वॉरंटी शिक्का, त्यावर बारकोड आणि होलोग्राम, कोपऱ्यावर तिरका "हबानोस" पट्टा. बारकोडचा आकडा हबानोसच्या संकेतस्थळावर तपासता येतो. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कुठेही दिसली तर ती नकलीच, कोहिबा तशी पेटी काढतच नाही. नकली सिगारमध्ये कुठलाही तंबाखू असू शकतो, तो पाच वर्षं सांभाळणं म्हणजे वेळ आणि वीज दोन्ही वाया.

---

सीडरपेटी

तळाचा_शिक्का, गाठीबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. "ठेवल्यावर सुटेल" म्हणून विक्रेते सर्रास सांगतात.

मुलुंडकर, २५ चा आकडा धरून मी असं सुचवेन: लुसितानियासची १० ची पेटी ठेवायला, डी ४ ची १० ची पेटी मधल्या काळासाठी, आणि पाच सुटे एपिक्युर नंबर २ या वर्षासाठी. सिग्लो २ पुढच्या फेरीला. मॅग्नम ४६ ची १० ची पेटी मिळाली तर डी ४ ऐवजी ती, यावर रिंग_बेचाळीस वाद घालतील.

ओढण्याचा क्रम डी ४ धरून सांगते. विमानातून, फ्रीझरमधून आलेला सिगार लगेच पेटवू नका, पॅक लावून ६ आठवडे स्वस्थ बसू द्या. मग पहिला. दुसरा सहा महिन्यांनी, तिसरा वर्षाने, चौथा दोन वर्षांनी. प्रत्येक वेळी पेटीच्या आत ठेवलेल्या कार्डावर चार गोष्टी लिहा: तारीख, त्या दिवशीची आर्द्रता, कडवटपणा कितव्या हिश्श्यात सुरू झाला, आणि विझवल्यावर पंधरा मिनिटांनी तोंडात काय उरलं.

वाचायचं असं. पहिले दोन हिस्से भरलेले आणि शेवटचाच टोचत असेल तर ठेवा. घसा खरवडतो, पण धूर नाकातून हळूच सोडल्यावर गोड येतो, तरीही ठेवा. मध्ये विझतो, एका बाजूने जळतो, आत बोगदा पडतो, हे ओलाव्याचं लक्षण. ६२ च्या पॅकवर महिनाभर ठेवा आणि मग मत बनवा. आणि वर्षाने ओढलेला सहा महिन्यांच्या सिगारपेक्षा फिका लागला तर घाबरू नका. काही पेट्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात मिटून जातात, चव बंद झाल्यासारखी वाटते. तेव्हा पुढचे सहा महिने हात लावू नका.

---

रिंग_बेचाळीस

वाद घालतोच. डी ४ ठेवा, मॅग्नम नको, कारण मुलुंडकरांची ही पहिलीच मुरवायची पेटी आहे. डी ४ मधला फरक ठळक असतो, सहा महिने आणि दोन वर्षं यांतलं अंतर कोणालाही कळतं. मॅग्नमचा बदल हळू आणि बारीक, तो ओळखायला आधी एखादी पेटी पूर्ण मुरवून पाहिलेली असावी लागते.

चढता काळ संपल्याची खूण कार्डावर लिहून ठेवा: लागोपाठ दोन वेळा पेटवल्यावर पहिल्या हिश्श्याची चव कमी, धुराचा वास फिका आणि शेवटी जुन्या कागदासारखी चव उरली, की उरलेले त्या वर्षात ओढून संपवा. "अजून थोडं थांबू" म्हणून अशी पेटी परत चढत नाही.

---

दमट_हवा

एक राहिलं. विमानात पेट्या हातातल्या सामानात ठेवा, चेक-इन केलेल्या सामानात आदळआपट होते आणि टोकं फुटतात. दोन्ही पेट्या झिपच्या पिशवीत, प्रत्येकीत ६५ चं एक छोटं पॅक. बिल वरच्या खिशात ठेवा, कस्टमला दाखवायला लागतं. एपिक्युर सुटे घेणार असाल तर दुकानदाराकडून रिकामी सीडरची पेटी मागून घ्या, बहुतेक जण देतात. पुढे ह्युमिडॉरमध्ये कप्पा करायलाही ती उपयोगी पडते.

आणि कूलर आल्यावर लगेच सिगार आत ठेवू नका. आठवडाभर रिकामा चालवून, आत बेकिंग सोड्याची वाटी ठेवून प्लास्टिकचा वास घालवा. वास गेला नाही तर कंपनीकडे बदलून मागा. तंबाखू तो वास ओढून घेतो आणि परत सोडत नाही.